मोडींत निघालेलें विमान

निकालाच्या दुसऱ्या दिवशीं एक पालक शाळेंत आले व मुलाचें गुणपत्रक पुढें टाकून म्हणाले, "मास्तर, हा पोरगा मोडींतच निघाला. आतां याला शाळेंत ठेवून काय उपयोग?" मुलगा दाराशीं खालीं मान घालून उभा होता. "त्याला काढून नेऊं नका," एवढेंच मीं म्हणालों. त्या वेळीं जें सुचलें नाहीं, तें येथें लिहितों.

दुसऱ्या महायुद्धांत 'लिबरेटर' नांवाचीं चार एंजिनांचीं, ११० फूट रुंद पंखांचीं अमेरिकन बाँबफेकी विमानें होतीं. युद्ध संपल्यावर त्यांतील कित्येक कानपूर येथें टाकून दिलीं गेलीं. तीं कोणाच्याहि उपयोगीं पडूं नयेत म्हणून त्यांचीं यंत्रें घणांनीं फोडलीं व एंजिनांत वाळू ओतली. परंतु १९४८ सालीं बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या माणसांनीं त्याच ढिगाऱ्यांतून एकाचा भाग दुसऱ्यास जोडून सुमारें चाळीस विमानें पुन्हां उभीं केलीं. जमशेद मुन्शी या वैमानिकानें तीं कानपुराहून बंगळुरास उडवीत नेलीं. त्यांची एक तुकडी १९५१ पासून आपल्या पुण्याच्या लोहगांव तळावर होती. १९६८ अखेर समुद्रावरील पहारा तिनें केला.

यांतलेंच एक विमान, १९४४ सालीं फोर्ट वर्थ येथें बांधलेलें, १९८१ मध्यें इंग्लंडास गेलें. १९८४ मध्यें तें रॉबर्ट कॉलिंग्ज यांनीं घेतलें व १९८९ मध्यें तें अमेरिकेंत पुन्हां उडालें. जेथें पूर्वीं बाँब टांगीत, तेथून नंतर म्हातारे सैनिक आपल्या नातवंडांचा हात धरून चालले.

विमान धातूचें आणि मूल जिवंत, हें मी जाणतों. पण दुरुस्तीची रीत दोहींकडे एकच : काय मोडलें हें पाहण्याआधीं काय शाबूत आहे तें पाहावें. एंजिनांतील वाळू शिव्यांनीं निघत नाहीं. एंजिन उघडून एकेक भाग धुवावा लागतो. आणि कधीं कधीं ती वाळू आम्हां शिक्षकांच्या व पालकांच्याच हातून पडलेली असते, हेंहि कबूल करावयास हवें.

वऱ्हाडांत जिनाचें एक चाक मोडलें तर मालक सबंध जीन मोडींत घालीत नाहीं. अकोल्याहून वा अमरावतीहून मिस्त्री आणवितो. मुलाच्या बाबतींतच आपणांस इतकी घाई कां?

तो मुलगा यंदा त्याच वर्गांत पुन्हां बसला आहे. आम्हीं अपूर्णांकांपासून आरंभ केला आहे.