बल्लारपूरची गिरणी आणि सबाहचे अरण्य

नागपूरहून दक्षिणेकडे जाणारी गाडी भांदक, चंद्रपूर ओलांडून बल्लारशाहला थांबते. भद्रावतीच्या दर्शनाला निघालेली कुटुंबे भांदकलाच उतरतात, त्यामुळे पुढचे स्थानक पुष्कळांनी केवळ वेळापत्रकात वाचलेले असते. वर्धा नदीच्या काठावर, गोंड राजांच्या जुन्या राजधानीत, तेथे एक कागदाची गिरणी उभी आहे. परदेशात कंपनी काढण्याच्या गोष्टी व्यापारी घरांत निघतात तेव्हा अँटवर्प, दुबई, नैरोबी ही नावे येतात, बल्लारपूरचे येत नाही. वास्तविक विदर्भाच्या जंगलातून परदेशी गेलेल्या भांडवलाची सर्वांत मोठी आणि सर्वांत महागडी कथा याच गावाच्या नावाने लिहिली गेली.

लाला करमचंद थापर हे मूळचे लुधियानाचे. १९४५ साली त्यांच्या उद्योगसमूहाने 'बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स' ही कंपनी स्थापन केली, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता, आणि पंजाबातून आलेला हा उद्योजक तेथील माणसांना परकाच होता. त्याला येथे ओढून आणले ते बांबूने. कोळसा जवळ, नदीचे पाणी जवळ, रेल्वे दाराशी आणि पूर्वेला आज ज्याला गडचिरोली जिल्हा म्हणतात ते वेळूचे अफाट रान. १९७५ मध्ये कंपनीचे नाव 'बल्लारपूर इंडस्ट्रीज' झाले. शाळकरी वह्यांपासून छपाईच्या कागदापर्यंत तिचा माल देशभर पोहोचला. पण जंगल गिरणीच्या मालकीचे कधीच नव्हते. शासनाशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारांवर बांबू मिळत असे. हा मुद्दा पुढे कामास येणार आहे, म्हणून येथेच नोंदवलेला बरा.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना स्पष्ट सांगितले की आपला कच्चा माल आपणच उभा करावा, नैसर्गिक वनांवर अवलंबून राहू नये. कागदाची मागणी वाढत होती आणि लाकूड आटत होते. तेव्हा कंपनीची दृष्टी समुद्रापलीकडे वळली. मलेशियाच्या लायन समूहाकडे बोर्निओ बेटावर, सबाह राज्यातील सिपितांग येथे 'सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज' ही लगदा व कागदाची गिरणी होती. मार्च २००७ मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजने जे. पी. मॉर्गनला भागीदार घेऊन ती २६ कोटी १० लाख डॉलरना विकत घेतली. गिरणीबरोबर जवळपास २ लाख ८८ हजार हेक्टर वनक्षेत्राचा दीर्घ मुदतीचा परवाना आला. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाचे एकूण क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर आहे, हे क्षेत्र त्याच्या दीडपटीहून अधिक. बांबूच्या मोळीसाठी करार नूतनीकरणाची वाट पाहणाऱ्या कंपनीला त्या आकड्याने भुरळ घातली नसती तरच नवल.

खरेदीची कागदोपत्री रचना मात्र व्यापाऱ्याने सावकाश समजून घ्यावी अशी आहे. बल्लारपूरच्या कंपनीने थेट मलेशियात पाऊल टाकले नाही. मध्ये नेदरलँड्समध्ये 'बी. व्ही.' प्रकारच्या, म्हणजे आपल्याकडील खासगी मर्यादित कंपनीसारख्या, कंपन्या नोंदवल्या गेल्या. मलेशियातील गिरणीचे भाग या डच कंपनीकडे ठेवले गेले. इतकेच नव्हे, तर बल्लारपूर आणि भिगवण येथील गिरण्या ज्या भारतीय उपकंपनीकडे सोपवल्या, तिचे भागही त्याच डच छत्राखाली गेले. बल्लारपूरच्या फाटकातून आत जाणारा कामगार रोज जुनीच वाट चालत होता, आणि त्या फाटकाची मालकी कागदावर युरोपला वळसा घालून परत चंद्रपूर जिल्ह्यात येत होती. यात बेकायदा काही नाही. परदेशी भागीदार घेणे, कर्ज उभारणे, पुढे भाग विकणे यासाठी अशी साखळी सोयीची असते. अडचण एवढीच की साखळीच्या एका कडीवर भार आला की तो दुसऱ्या कडीला जाणवतो.

कंपनी नोंदवणे हे या साऱ्यात सर्वांत सोपे काम. मलेशियात २०१६ चा कंपनी कायदा आता लागू आहे. तेथील खासगी कंपनीच्या नावापुढे 'सेंदिरियन बर्हाद' लागते. एक भागधारक आणि एक संचालक पुरतो, नाममात्र एका रिंगिटच्या भांडवलावरही कंपनी जन्मते. संचालकांपैकी किमान एकाचा नेहमीचा निवास मलेशियात हवा आणि नोंदणीनंतर ३० दिवसांत पात्र कंपनी सचिव नेमावा लागतो. परकीयाला घाऊक वा किरकोळ व्यापार करायचा असेल तर व्यापार मंत्रालयाची संमती वेगळी, आणि तिच्यासाठीची भरणा भांडवलाची अट त्या एका रिंगिटहून कितीतरी मोठी. 'एका दिवसात कंपनी' अशी जाहिरात करणारा दलाल ही दुसरी बाब शेवटी सांगतो.

सबाहची गोष्ट त्याहून निराळी आहे. १९६३ मध्ये मलेशियात सामील होताना या राज्याने काही अधिकार स्वतःकडे राखून ठेवले. जमीन आणि वन हे विषय राज्याचे. स्थलांतराबाबतही राज्याचा शब्द चालतो, क्वालालंपूरच्या मलेशियन नागरिकालाही सबाहमध्ये नोकरी करण्यासाठी परवाना काढावा लागतो. म्हणजे राजधानीत नोंदलेली कंपनी सबाहमध्ये पुन्हा एकदा परकीच ठरते. बल्लारपूर इंडस्ट्रीजने गिरणी, यंत्रे आणि भाग विकत घेतले. झाडे तोडण्याची अनुमती मात्र राज्याच्या हातात राहिली, आणि झाडांवाचून सिपितांगच्या यंत्रांना मोल ते कसले?

पुढील दहा वर्षे कर्जाचा भार वाढत गेला, खेळत्या भांडवलाची चणचण भासू लागली. २०१५ मध्ये कंपनीने ही गिरणी एका मलेशियन खरेदीदाराला विकण्याचा करार जाहीर केला. तो तडीस गेला नाही. २०१७ मध्ये कर्जदात्यांनी रिसिव्हर नेमले. त्यांनी पुढच्या वर्षी नवा खरेदीदार शोधला, परंतु त्याच्या नावे राज्याने लाकूडतोडीचा परवाना द्यावा ही व्यवहाराची अट होती. राज्याने तो दिला नाही आणि प्रकरण न्यायालयात गेले. इकडे मूळ कंपनी जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरी प्रक्रियेत दाखल झाली. मार्च २०२३ मध्ये फिनक्वेस्ट या वित्तसंस्थेच्या योजनेला मान्यता मिळाली. लुधियानाच्या घराण्याने पाऊण शतकापूर्वी उभारलेली कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली.

सगळा दोष परदेशाला देणे न्यायाचे होणार नाही. कर्जाचे गणित घरीच चुकले होते. पण परवान्याचा धडा शिकण्यासाठी बोर्निओला जाण्याची गरज नव्हती. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने आपल्या रानातील बांबू कोणी आणि कसा तोडावा, हा प्रश्न फार पूर्वीपासून विचारला होता. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तोवर बांबूचा सौदा वनखाते आणि गिरणी यांच्यात होई. त्या दिवसापासून त्या रानापुरता विक्रेता बदलला. सिपितांगची खरेदी होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

आपल्या वाचक घरांतील मुलगा २६ कोटी डॉलरची गिरणी घेणार नाही. तो दोन कंटेनर डाळी, कापड वा यंत्रांचे सुटे भाग घेऊन निघेल. त्याच्यासाठी भारतातील नियम २२ ऑगस्ट २०२२ पासून नव्याने लागू आहेत. व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरच्या उदारीकृत प्रेषण मर्यादेतच गुंतवणूक करता येते, आणि आपल्या नियंत्रणातील उपकंपन्यांची साखळी असलेली परदेशी कंपनी तिला घेता येत नाही. भारतीय कंपनीने गुंतवले तर स्वयंचलित मार्गाने निव्वळ संपत्तीच्या चौपटीपर्यंत मुभा आहे. बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेचा विशिष्ट ओळख क्रमांक घेतल्याशिवाय रक्कम धाडता येत नाही आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत परदेशी कंपनीचा कामगिरी अहवाल द्यावा लागतो.

चौपट हा शब्द ऐकून पुष्कळ घरांत हुरूप येतो. त्यात केवळ पाठवलेली रक्कम मोजली जात नाही. परदेशी कंपनीला तेथील बँकेने कर्ज द्यावे म्हणून भारतातील पेढीने दिलेली हमी, एक पैसाही देशाबाहेर गेला नसला तरी, पूर्ण रकमेने त्या मर्यादेत धरली जाते. प्रवर्तक म्हणून वडिलांनी केलेली वैयक्तिक हमीची सहीसुद्धा तेथेच मोजली जाते. मुलगा नोंदणीची कागदपत्रे घेऊन येईल तेव्हा वडिलांनी त्यांच्या आधी त्याच्याकडे धंद्याचा परवाना मागावा, तो कोणी दिला, किती वर्षांचा आहे आणि दुसऱ्याच्या नावे होतो की नाही ते वाचून घ्यावे, आणि मगच लेखणी उचलावी.