विषाची चाहूल घेणारी पट्टी

तलावावरील उडी मारावयाची फळी वाचकांनीं पाहिलीच असेल; एक टोक पक्कें, दुसरें अधांतरीं. तशीच, पण अर्धा मिलिमीटर लांब व एक सहस्रांश मिलिमीटर जाड अशा सिलिकॉनच्या पट्ट्यांचा प्रयोग स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनीं २००० सालीं प्रसिद्ध केला. पट्टीच्या एकाच अंगास डीएनएचे धागे चिकटविले. जुळणारे धागे द्रवांतून येऊन बिलगतांच त्या अंगावर ताण पडून पट्टी वांकली. किती? मिलिमीटरचा सुमारें एक लक्षांश!

परंतु अशी पट्टी उष्म्यानेंही वांकते. स्फोटकाची वाफ वा रोगाचें चिन्ह हुडकावयाचें तर खोटी हांक नको, आणि ऐन वेळीं मौन तर त्याहून घातक. म्हणून न जुळणारा धागा लावलेली दुसरी पट्टी शेजारीं ठेवून दोहोंच्या वांकण्यांतील फरक मोजतात. आमच्या मतें खरी बुद्धि या मुक्या सोबतिणींतच आहे.

पवईच्या आय. आय. टी. मध्यें सिलिकॉनऐवजीं पॉलिमरच्या पट्ट्या केल्या गेल्या. त्या मऊ, म्हणून अधिक वांकतात. पण दमही शोषतात. मुंबईच्या पावसाळ्यांत त्यांची काय परीक्षा होत असेल, तें आमच्या कोठीघरांतील पापडांस विचारावें!