जुनं म्हणजे सोनं? बेसबॉल कार्डांचा हिशोब वेगळंच सांगतो



"सर, माल पडून राहू दे, जुना झाला की भाव येईल." ट्रेनिंगमध्ये हे वाक्य मी नेहमी ऐकतो. माझं मत स्पष्ट आहे: नुसत्या वयाला बाजार पैसे देत नाही. पटत नसेल तर अमेरिकेतल्या बेसबॉल कार्डांचे तीन काळ शेजारी ठेवून बघा. आपल्याकडे बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची ना, तसलीच ही पुठ्ठ्याची छोटी कार्डं.

पहिला काळ १९०९ ते १९११. तेव्हा कार्ड सिगारेटच्या पाकिटात यायचं. पाकीट दबू नये आणि जाहिरातही व्हावी, एवढाच हेतू. त्यातलं होनस वॅग्नरचं कार्ड लवकर छापायचं थांबलं. आज जगात अशी जेमतेम पन्नास-साठ कार्डं माहीत आहेत. २०२२ मध्ये त्यातलं एक ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं. आता गंमत बघा. त्याच संचातल्या साध्या खेळाडूचं, थोडं झिजलेलं कार्ड शंभर डॉलरच्या आतही मिळतं. वय तेच, कागद तोच, कंपनी तीच. मग फरक कशाचा? मागणी किती आणि माल किती, याचा.

दुसरा काळ १९५२ चा. टॉप्स कंपनीचं मिकी मँटलचं कार्ड. २०२२ मध्ये याच्या एका प्रतीला १.२६ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे चाळीस वर्षं जुन्या वॅग्नरपेक्षाही जास्त! मँटलचं पहिलं कार्ड खरं तर बोमन कंपनीचं, १९५१ चं. ते एक वर्षाने जुनं, तरी भाव टॉप्सच्या कार्डापेक्षा बराच कमी. कारण १९५२ चं कार्ड मोठं, रंगीत, देखणं. संग्राहकांच्या मनात तेच बसलं. शिवाय मुलांनी ही कार्डं हाताळली, सायकलच्या चाकात अडकवली. न विकलेला माल कंपनीने पुढे अटलांटिक समुद्रात टाकला, असं टॉप्सचेच साय बर्गर सांगायचे. कोटींचं ते कार्ड अवस्थेत १० पैकी ९.५ गुणांचं होतं. तेवढं चांगलं राहिलेलं क्वचितच सापडतं.

तिसरा काळ १९८० च्या दशकाच्या शेवटापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा. आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा धडा इथेच आहे. १९८१ मध्ये टॉप्सची मक्तेदारी मोडली, फ्लीअर आणि डॉनरस बाजारात उतरल्या, १९८९ मध्ये अपर डेक आली. जुन्या कार्डांचे वाढते भाव लोकांनी पाहिले होते. मुलांच्या कॉलेजची सोय होईल म्हणून कित्येकांनी न फोडलेली खोकीच्या खोकी माळ्यावर ठेवली. कंपन्यांनीही मागाल तेवढं छापलं. आज त्या काळाला तिथे 'जंक वॅक्स', म्हणजे रद्दीचा काळ म्हणतात. अपवाद आहेत. केन ग्रिफी ज्युनिअरच्या १९८९ च्या कार्डाला अजूनही मागणी आहे. पण १० पैकी १० गुणांच्या त्याच्या प्रतीच हजारोंनी आहेत, म्हणून तेही वॅग्नरच्या जवळपास जात नाही.

सार काय? जी कार्डं कुणी जपायची म्हणून घेतली नाहीत, ती दुर्मीळ झाली. जी सगळ्यांनी जपली, ती रद्दी झाली.

म्हणून गोडाऊनमधल्या मालाला तीन प्रश्न विचारा:

१. आज हा माल कोण मागतंय? नाव सांगता येईल असं गिऱ्हाईक आहे का?
२. असा माल अजून किती जणांकडे पडून आहे?
३. माल कुठल्या अवस्थेत आहे?

तिन्ही उत्तरं चांगली नसतील तर माल काढा, कमी भावात का होईना. अडकलेलं भांडवल म्हातारं होतं, मौल्यवान होत नाही. त्यावर भाडं आणि व्याज मात्र दर महिन्याला जातं.

आणि तुम्ही 'लिमिटेड एडिशन' विकत असाल, तर किती नग काढणार ते आधीच छापा आणि तो आकडा पाळा. मागणी आली म्हणून गुपचूप दुसरी खेप काढली, तर पहिल्या गिऱ्हाइकाचा विश्वास जातो. तो परत छापता येत नाही.

तुमच्याकडे सगळ्यात जुना पडून असलेला माल कोणता? कमेंटमध्ये लिहा. बघू, या तीन प्रश्नांत तो टिकतो का!