निवड यादीतलं नाव ‘खासगी’ कसं?

मध्य प्रदेशात सरकारी भरतीचं भांडण अखेर आमच्या जबलपूरला येतं, कारण उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ इथं आहे. 2013 मध्ये व्यापमं घोटाळा फुटला आणि पुढच्या वर्षी याच न्यायालयाने विशेष पथकाला तपासावर नजर ठेवायला सांगितलं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. एकाच्या नावावर दुसराच पेपर लिहीत होता. अशी चोरी पकडायची कशावरून? अर्जावरचा फोटो, बैठक क्रमांक, गुण, दाखला. या प्रत्येक कागदावर कुणाचं तरी नाव असतंच.

म्हणूनच डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 आपल्या पोटापाण्याचा विषय आहे. त्याच्या कलम 44(3) ने माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर 2025 पासून हा बदल लागू झाला. आधी खासगी माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे पाहावं लागे. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं परंतुकही होतं. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द पुरतात.

राखीव जागेवर कोण लागलं, त्याचा दाखला खरा आहे का, हे विचारणं म्हणजे कुणाच्या घरात डोकावणं नव्हे. खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये महाराष्ट्रातल्या प्रकरणांत सांगितलं. पण दाखलाच पाहायला मिळाला नाही, तर खोटा ठरवणार कोण?

खासगीपणा आपल्यालाही हवाच. वसतिगृहात रँक विचारून जात हुडकणारे आपण पाहिले आहेत. विद्यार्थ्याची जात, आजार, फोन नंबर चव्हाट्यावर येऊ नये. मात्र सार्वजनिक पदावरची निवड आणि सरकारी पैशाचा खर्च ही कुणाची खासगी मालमत्ता नाही. गंमत अशी की याच कायद्याचं कलम 17(2) केंद्राला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा देतं. म्हणजे सरकारला आपली माहिती उघडी, आणि आपल्याला सरकारची बंद.

तरी वाट पुरती बुजलेली नाही. कलम 8(2) शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर अधिकारी माहिती देऊ शकतो. ते त्याच्या मर्जीवर राहू नये म्हणून अर्जातच जनहित कोणतं ते लिहा. कलम 4(1)(ख) नुसार अनुदान योजनांचे लाभार्थी आणि कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचं असतं. त्या कलमाचा उल्लेख करा. नाव नाकारलं तर प्रवर्गनिहाय जागा, कटऑफ आणि अनुशेष मागा. आकड्यांना कुणाचं नाव नसतं. नकार आला तर 30 दिवसांत पहिलं अपील करा.

महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं 1924 मध्येच ठरावाने खुलं केलं होतं. पाण्यापर्यंत जायला मात्र 1927 उजाडावं लागलं, आणि तेही बाबासाहेबांसोबत हजारो माणसं चालत गेली तेव्हा. घरातल्या पहिल्या पदवीधराने ती पदवी निदान एक अर्ज नीट लिहायला वापरावी. कलम 44(3) रद्द करा, ही मागणी त्या अर्जांच्या गठ्ठ्यासह मांडली तर तिला वजन येईल.

जय भीम.