आचारी आणि आचार्य
२०२३ साली झालेल्या आपल्या पांढुर्णा जिल्ह्यात, पांढुर्ण्याला काय नि सौसरला काय, मराठी घरांतली पुष्कळ नातवंडे हिंदीतून शिकतात. लग्नघरातून नातू मोबाइलवर निरोप धाडतो, ‘आचार्यांना पैसे द्या’, आणि आचाऱ्याची मजुरी गुरुजींच्या हाती पडायची वेळ येते! हा आडवा अर्धा ‘र’ हिंदीत नाही. मराठीत तो अर्थच फिरवतो.

संगणकावरील अक्षरांची मानके ठरविणाऱ्या युनिकोड संस्थेकडे कोणालाही प्रस्ताव धाडता येतो. आपला ‘ॲ’ तेथे २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाला. महिन्यांची, देशांची मराठी नावे तपासण्याच्या तिच्या कामात कितीतरी माणसे विनामोबदला हातभार लावतात. तेथे आपली मुले का नसावीत?

आपण त्यांना मातृभाषेच्या ऋणावर व्याख्यान ऐकवतो. ती जांभया देतात, आणि दोष त्यांचा नाही. (गणेशोत्सवातही आपण त्यांना सतरंज्या उचलण्यापुरतेच बोलावतो, मत कोण विचारतो?) त्यापेक्षा एक चुकलेले अक्षर दाखवावे. दोन्ही भाषा वाचणाऱ्या मुलाला ते पुण्याच्या मुलाआधी खटकेल. प्रस्ताव इंग्रजीत लिहावा लागतो. ते त्याला जमेल. आचारी आणि आचार्य यांतला फरक तेवढा आजोबांनी सांगावा.