बिबट्याच्या भीतीत मुलांचे अंगण

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला. त्यांत दोन लहान मुले होती. त्यानंतर पोरांना उंबऱ्याबाहेर सोडताना आईचा जीव खालीवर होत असेल, तर तिला दोष देता येणार नाही. घोड, कुकडी आणि भीमेच्या पाण्यावर ऊस वाढला आणि त्याच उसात बिबट्याची पिल्ले जन्मू लागली. दौंडच्या बागायती पट्ट्यातली धास्तीही वेगळी नाही.

पण घरात कोंडलेल्या मुलाच्या हाती बहुतेक वेळा मोबाइल येतो, आणि त्याची किंमत डोळे मोजतात. चीनमधील ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेतच रोज 40 मिनिटे जादा उघड्यावर नेले गेले. तीन वर्षांत या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना लघुदृष्टी आली. नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांत हे प्रमाण 39.5 टक्के होते. उजेडामुळे डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवते आणि बुबुळामागचा गोल वाजवीपेक्षा लांबट होण्याला आळा बसतो, असे मानले जाते. त्यासाठी उन्हात तळपायची गरज नाही. झाडाच्या सावलीतही वर्गातल्यापेक्षा कितीतरी पट अधिक उजेड असतो.

बिबट्या मुख्यतः तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत हिंडतो. म्हणजे मधल्या सुट्टीनंतरचा अर्धा तास, मोकळ्या पटांगणात आणि गुरुजी-बाईंच्या नजरेसमोर, तुलनेने सुरक्षित ठरतो. पाहायला दूरही जावे लागत नाही. व्हरांड्याकडेच्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे खळगे असतात. तळाशी मुंगीसिंह दबा धरून बसलेला असतो. मुंगी घसरली की तो खालून माती उडवतो! सुगरणीचे घरटे, म्हशीच्या पाठीवरून किडे टिपणारा कोतवाल, मोराची चिंचोलीत तर मोरच. नाव सांगण्याची घाई मोठ्यांनी करू नये. ‘तो आता काय करेल?’ एवढे विचारले तरी मूल दहा मिनिटे हलत नाही. बिबट्याचे ठसे शोधायला मात्र मुलांना कुणी नेऊ नये.

अडचण आहे ती वस्तीवरच्या शाळांची. जिथे कुंपण नाही आणि ऊस भिंतीला टेकला आहे, तिथे हा अर्धा तास एकट्या शिक्षकाच्या गळ्यात मारणे अन्यायाचे आहे. पटांगणाभोवतीची पट्टी उसाविना ठेवायला शेतकऱ्याला राजी करणे, त्याचे नुकसान भरून देणे आणि जाळीचे कुंपण घालणे ही कामे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि वनखात्याची आहेत.