भराव पडला की पावसाची वाट पाहू नका

कापणी-झोडणी उरकली की पेण-रोह्याच्या शिवारात डंपर फिरू लागतात. कुणी घरासाठी भराव घालतो, कुणा मुंबईकराने घेतलेल्या तुकड्याला संरक्षक भिंत उठते, कुणी बांधालगतची चर बुजवून दोन हात जमीन वाढवून घेतो. वरच्या अंगाचा शेतकरी बघतो, चरफडतो आणि म्हणतो, "आत्ता कशाला तोंड वाईट करा, पावसात बघू." हे लिहिणं त्याच्यासाठी आहे. बाबांनो, पावसात बघू नका. तेव्हा पाणी तर तुंबलेलं असेलच, पण दाद मागायची मुदतही बहुधा उलटून गेलेली असेल.

शेतातून आपसूक वाहणारं पाणी कुणी बेकायदा अडवलं, तर ते मोकळं करून देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. कायदा इंग्रजांच्या वेळचा, १९०६चा मामलेदार न्यायालय अधिनियम. त्याचं कलम ५. पाणी ठरलेल्या ओहोळातून जात असो की नुसतं शेतावरून पसरत उतरत असो, दोन्ही त्यात येतं. मात्र अर्ज सहा महिन्यांच्या आत हवा, आणि हे सहा महिने नुकसान दिसल्यापासून नव्हे, अडथळा सुरू झाल्यापासून मोजतात. डिसेंबरच्या मध्यावर पडलेल्या भरावाची मुदत जूनच्या मध्यावर संपते. कोकणात तेव्हा कुठे पाऊस बसत असतो, रोपं अजून राबातच असतात. खाचरात पाणी साचून लावणी कुजते ती जुलैत. म्हणजे आपण अर्ज लिहायला बसतो, तोवर मुदत केव्हाच गेलेली असते. बरं, इतकं थांबायची गरजही नाही. नुकसान अजून झालेलं नसलं, पण होण्यासारखं असलं, तरी याच कलमाखाली अर्ज चालतो.

पेणच्या खारेपाटात तर दिवसांचा नाही, तासांचा हिशेब असतो. वाशी, वढाव, दादर या पट्ट्यातलं पाणी खारबांधाच्या उघाडीतून खाडीला मिळतं. भरती आली की उघाडीची झडप बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मोठा पाऊस लागला, तर पाणी बाहेर काढायला मिळतात ते ओहोटीचे थोडके तास. तेवढ्यात मागच्या सगळ्या खाचरांचं पाणी उघाडीपर्यंत पोचलं पाहिजे. मधल्या एकाने चर बुजवली की मागच्या सगळ्यांची ती ओहोटी वाया. शिवाय खाऱ्या जमिनीतलं मीठ धुऊन नेतं ते हेच पावसाचं पाणी. ते निचरलं नाही तर मीठही तिथेच मुरतं. एकाच्या दोन हात जमिनीपायी एवढं सगळं.

रोह्याकडे उतार जास्त, त्यामुळे भांडणाची तऱ्हा निराळी. वरकस जमिनीवरचं पाणी खाली कुंडलिकेकाठच्या भातशेतीत उतरतं. खालचा म्हणतो, तुझं पाणी माझ्या शेतात नको. वरचा म्हणतो, पाणी उताराने जाणारच. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ७ इथे वरच्याच्या बाजूने आहे: त्याच्या जमिनीवर पडलेलं किंवा उगम पावलेलं पाणी नैसर्गिकपणे खाली येत असेल, तर खालच्याने ते येऊ द्यायचं. पण वरच्याने फार खूश होऊ नये. फार्महाऊससाठी टेकडी सपाट करून, सगळ्या आवाराचं पाणी एका पाइपात गोळा करून शेजाऱ्याच्या बांधावर सोडलं, तर ते नैसर्गिक राहत नाही. माझं मत विचाराल तर अशा बहुतेक तंट्यांत खालच्याने मोरी बुजवलेली असते आणि वरच्याने पाइप टाकलेला असतो. दोघेही आपापली अर्धीच गोष्ट सांगतात.

तहसील कचेरीत जाताना सातबारा, गावनकाशा, गट नंबर आणि तारखेसह फोटो न्या. भराव पडत असतानाचा फोटो सगळ्यात मोलाचा, कारण मुदत तिथून सुरू होते. अडथळा काढून द्या आणि पुन्हा करू नये असा मनाई हुकूम द्या, दोन्ही मागा. स्थळपाहणी व्हावी असं अर्जातच लिहा. एक पथ्य मात्र पाळा: "त्याने माझा बांध कोरला" हे रडगाणं या अर्जात घालू नका. हद्दीचं भांडण भूमी अभिलेखच्या मोजणीत सुटतं, पाण्याचं इथे. दोन्ही एकत्र केलीत की समोरचा वकील हद्दीवरच अडून बसतो आणि पाणी बाजूला राहतं. तहसीलदारांच्या निकालावर अपील नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण मागता येतं, आणि हक्काचा अखेरचा निवाडा दिवाणी कोर्टात होऊ शकतो.

या कलमाला मर्यादाही आहेत. ते शेती, चराई, झाडं आणि पिकाच्या जमिनीसाठी आहे. गावठाणातल्या अंगणात शेजाऱ्याच्या पागोळ्या पडतात म्हणून ते कामाला येणार नाही. कायदेशीर परवानगीने झालेल्या सरकारी रस्त्याच्या भरावालाही नाही. तिथे मोरीसाठी त्या खात्याचाच पिच्छा पुरवायला हवा.

आणि रात्री कुदळ घेऊन शेजाऱ्याचा बांध फोडायला जाऊ नका. पाणी एका रात्रीत वाहून जाईल, फौजदारी मात्र तुमच्या मागे लागेल, आणि जो फिर्यादी होता तो आरोपी होऊन बसेल.

शेजारी ऐकणारा असेल तर उत्तमच. मग कचेरीची पायरी चढायच्या आधी दोघांनी चरीची जागा नकाशावर आखा, रुंदी-खोली ठरवा, मे महिन्यात गाळ कुणी काढायचा तेही लिहा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. तोंडी शब्द तुमच्या दोघांपुरता चालेल. उद्या त्याच्या मुलाने जमीन विकली तर घेणाऱ्याला तो ठाऊकही नसेल. वाद निम्मा मिटलेला असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोड लिहून घेता येते. दावा दाखल नसला तरी चालतं, आणि तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. ही सगळी कामं मोकळ्या दिवसांतली आहेत, दिवाळी ते मे. या वर्षीचा भराव कधी पडला, त्याची तारीख आजच कॅलेंडरवर टिपून ठेवा.